आपणच आपला अभ्यास कसा करावा?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत लालबाग, इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इंदुरातल्या मराठी कुटुंबांची पाहणी करायची असे आपल्या मंडळाने ठरवले आहे. आपली किती घरे उरली, घरात मराठी किती बोलली जाते, मुले-नातवंडे कुठे गेली, हे सगळे लिहून ठेवावे असा विचार आहे. विचार उत्तम आहे. प्रश्नावलीचा मसुदाही तयार आहे, आणि मी समाजशास्त्र शिकवत आलो म्हणून तो माझ्याकडे पाठवण्यात आला. छपाईला देण्याआधी चार गोष्टी सर्वांसमोर बोलाव्यात असे मला वाटले, म्हणून आजचा विषय हा घेतला: समाजाचा अभ्यास करायचा तर पद्धत कशी निवडायची?

विषय वर्गातला आहे, पण घाबरू नका. आपण रोज हेच करत असतो. मुलीसाठी स्थळ पाहताना बायोडाटा वाचतो, ही झाली प्रश्नावली. ओळखीच्यांकडे चौकशी करतो, ही झाली मुलाखत. मग चहाच्या निमित्ताने त्यांच्या घरी जाऊन बसतो आणि सासरची माणसे एकमेकांशी कशी बोलतात ते पाहतो, हे झाले निरीक्षण. तिन्हींतून वेगळे काहीतरी कळते आणि एकावर विसंबून कोणी लग्न ठरवत नाही. संशोधनात मात्र भलेभले लोक एकाच साधनावर विसंबतात, आणि ते साधन बहुतेक वेळा प्रश्नावली असते. कारण ती छापता येते, वाटता येते आणि शेवटी टक्केवारी काढता येते.

पहिला नियम असा की आधी प्रश्न ठरवावा, साधन मागाहून. आपल्या मसुद्यात मला तीन वेगळे प्रश्न एकत्र मिसळलेले दिसले. पहिला, इंदुरात मराठी कुटुंबे किती? हा मोजणीचा प्रश्न आहे. दुसरा, घरात कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलते? हा वागण्याचा प्रश्न आहे. तिसरा, काही घरे मराठीपासून आणि मंडळापासून दूर का गेली? हा कारणांचा प्रश्न आहे, माणसाच्या मनातला. पहिल्याला आकडे लागतात, दुसऱ्याला डोळे लागतात, तिसऱ्याला कान लागतात. एकाच दोन पानी फॉर्ममध्ये तिन्ही बसत नाहीत.

हे शास्त्र आपल्या शहराला परके नाही. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश विद्वान, मूळचा जीवशास्त्रज्ञ, होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून इंदुरात आला आणि १९१८ साली त्याने शहराच्या नियोजनाचा दोन खंडांचा अहवाल दरबाराला सादर केला. ज्या लालबागेच्या परिसरात आपण बसलो आहोत, त्या राजवाड्याचे काम तेव्हा अजून पूर्ण व्हायचे होते. ते १९२१ साली झाले. गेडिसचा आग्रह होता की आधी पाहणी, मग निदान आणि मगच उपचार. नकाशावर रेघा मारून जुन्या वस्त्या पाडणाऱ्या अभियंत्यांशी त्याचे कधी पटले नाही. तो गल्ल्यांतून पायी हिंडायचा. कोणती विहीर वापरात आहे, कोणते अंगण मोकळे ठेवता येईल, कोणते पडके घर काढले तर उरलेल्या दहा घरांना हवा मिळेल, हे तो बघत फिरायचा.

त्याच्या चरित्रांत इंदूरची एक गोष्ट सांगितली आहे, आणि ती पद्धतीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. तो हातात नकाशा घेऊन वस्तीत शिरला की लोक घाबरून दूर होत. नकाशा घेऊन आलेला साहेब म्हणजे घर पाडायला आलेला, प्लेग घेऊन आलेला साहेब, असा त्यांचा समज होता. म्हणजे पाहणारा आला की पाहण्याची वस्तूच बदलते! गेडिसने मग एक युक्ती केली. राज्यकर्त्यांकडून एका दिवसापुरता अधिकार मागून घेतला आणि दिवाळीची मिरवणूक आखली. मिरवणुकीचा मार्ग नेहमीचा राहणार नव्हता. जी गल्ली आपली घरे सर्वांत स्वच्छ आणि दुरुस्त करील, तिथून मिरवणूक जाईल असे त्याने जाहीर केले. लोकांनी चढाओढीने घरे झाडली, रंगवली, हजारो गाड्या कचरा शहराबाहेर गेला. मिरवणुकीत प्लेगचा राक्षस आणि उंदीर होते, आणि शेवटी राक्षसाचे दहन झाले. अनंत चतुर्दशीला रात्रभर गिरण्यांच्या झांक्या बघणाऱ्या आपल्या गावाला या माणसाने बरोबर ओळखले होते.

पुढच्याच वर्षी, १९१९ साली, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि त्याचा पहिला प्राध्यापक हाच गेडिस. त्याने शिष्यवृत्तीसाठी निवडून विलायतेला पाठवलेला तरुण म्हणजे मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये. १९२४ पासून त्यांनी तो विभाग सांभाळला आणि भारतातल्या समाजशास्त्राची एक अख्खी पिढी घडवली. म्हणजे या शास्त्राची वाट थोडीशी आपल्या इंदूरच्या गल्लीबोळांतून गेलेली आहे.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. मराठी कुटुंबे किती? कोणी म्हणेल, जनगणनेत आकडा आहेच की. आहे. २०११ च्या जनगणनेत देशात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख, आणि मध्य प्रदेशात सुमारे १२ लाख. पण हा आकडा काय मोजतो ते पाहा. जनगणनेत मातृभाषा म्हणजे, माणसाच्या लहानपणी त्याची आई त्याच्याशी जी भाषा बोलत असे ती. आई लहानपणीच गेली असेल तर त्या घरात तेव्हा मुख्यतः बोलली जाणारी भाषा. शिवाय येत असलेल्या आणखी दोन भाषा नोंदवतात. यात आज तुम्ही नातवाशी कोणत्या भाषेत बोलता हा प्रश्न कुठेच नाही! सत्तर वर्षांचे आजोबा पन्नास वर्षे हिंदीत व्यवहार करत असले तरी नोंद मराठीच होते, आणि ती नियमाप्रमाणे बरोबर असते. उलट, वडील मराठी आणि आई माळव्यातली, घरात आजीमुळे उत्तम मराठी बोलणारा मुलगा, नियम काटेकोर पाळला तर हिंदीच्या रकान्यात जातो. जनगणना खोटी नाही. तिला वेगळ्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते. दुसऱ्याच्या प्रश्नासाठी काढलेला आकडा आपल्या प्रश्नाला चिकटवताना ही काळजी घ्यावी लागते.

यातूनच पुढची अडचण उभी राहते. मराठी कुटुंब म्हणायचे कोणाला? मोजण्याआधी व्याख्या हवी. याचा उत्तम धडा आपल्या शेजारच्या महूत जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिला आहे. १९१६ साली, वयाच्या पंचविशीत, कोलंबिया विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यात त्यांनी आधीच्या विद्वानांच्या व्याख्या एकेक करून तपासल्या. कोणी शिवाशिवीवर भर दिला होता, कोणी धंद्यावर. बाबासाहेबांनी दाखवले की जातीचे खरे लक्षण एकच, जातीतल्या जातीत लग्न. एकदा हे पक्के केल्यावर पुढचा सगळा विचार त्याच्या आधाराने उभा राहिला. व्याख्या ढिली असती तर निबंधही ढिला पडला असता.

आपली व्याख्या काय? होळकरांबरोबर आलेली घराणी तर आहेतच. १८१८ नंतर राजधानी इंदूरला आली, तेव्हा दरबाराच्या नोकरीसाठी आलेली कारकुनी घराणी आहेत. पण गिरण्यांत काम करायला आलेले कामगार? लष्करी नोकरीनिमित्त महूला येऊन इकडेच राहिलेली दलित कुटुंबे? बऱ्हाणपूरकडून आलेले? आडनाव मराठी आणि घरात हिंदी असे? आडनाव हिंदी आणि सून मराठी असे? मसुद्यातल्या पहिल्या ओळीत ‘मराठी समाजातील कुटुंब’ असे लिहिले आहे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे त्या शब्दांनी वेगळे चित्र येते, आणि बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आपल्यासारखेच घर येते. तेव्हा व्याख्या कागदावर आली पाहिजे आणि ती रुंद असली पाहिजे. नाहीतर आपण इंदूरच्या मराठी माणसांची पाहणी करणार नाही, फक्त आपल्या परिचितांची करू.

आता दुसरा प्रश्न. घरात मराठी किती बोलली जाते? मसुद्यात प्रश्न क्रमांक अकरा असा आहे: ‘आपण घरात मराठी बोलता का? होय / कधी कधी / नाही.’ मी आत्ताच सांगतो, गणेशोत्सवात, मंडळाच्या कार्यकर्त्याने, मराठीतून हा प्रश्न विचारला तर शंभरातली नव्वद माणसे ‘होय’ म्हणतील. ती खोटे बोलत नाहीत. तिथे ‘नाही’ म्हणणे माणसाला जड जाते एवढेच.

माणूस जे सांगतो आणि जे करतो यात किती अंतर असू शकते याचा एक प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेत झाला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला लापिएर नावाचा समाजशास्त्रज्ञ एका चिनी जोडप्याबरोबर देशभर हिंडला. त्या वेळी तिथे चिनी लोकांबद्दल भरपूर आकस होता. अडीचशेच्या आसपास हॉटेले आणि खाणावळींत ते गेले, आणि फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याने त्याच ठिकाणी पत्रे पाठवून विचारले, तुम्ही चिनी पाहुण्यांना घ्याल का? ज्यांनी उत्तर दिले त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी ‘नाही’ लिहिले. कागदावर नकार, दारात स्वागत. आपल्याकडे उलटे आहे. कागदावर मराठी, आणि जेवणाच्या टेबलावर ‘बेटा, सब्ज़ी और लो ना’.

म्हणून वागण्याचा प्रश्न विचारायचा तर तो वागण्याच्या रूपात विचारावा. ‘मराठी बोलता का’ असे न विचारता, ‘काल रात्री जेवताना मुलांशी शेवटचे बोलणे कोणत्या भाषेत झाले?’ ‘आजीला नातू फोन करतो तेव्हा काय बोलतो?’ ‘घरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शेवटचे दहा निरोप कोणत्या भाषेत आणि कोणत्या लिपीत आहेत?’ ‘मुलांना रागावताना कोणती भाषा तोंडात येते?’ असे विचारावे. यांची उत्तरे सजवणे कठीण असते. याला आमच्या शास्त्रात वैधता म्हणतात, म्हणजे जे मोजायचे तेच आपण मोजतो आहोत ना, याची खात्री. तिच्या जोडीला विश्वसनीयता हवी, म्हणजे उद्या दुसऱ्या कार्यकर्त्याने विचारले तरी साधारण तेच उत्तर यावे. काटा रोज बरोबर पाव किलो जास्त दाखवत असेल तर तो विश्वसनीय आहे, वैध नाही. भाजीवाल्याचा काटा म्हणा हवे तर!

त्याहूनही चांगले म्हणजे जाऊन बसणे. आपल्या जवळच याचे मोठे उदाहरण आहे. एड्रियन मेयर हा ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ १९५४ ते १९५६ या काळात देवासजवळच्या एका खेड्यात राहिला. गावाचे खरे नाव झाकून त्याने ‘रामखेडी’ असे नाव दिले आणि १९६० साली माळव्यातील जात आणि नातेसंबंधांवर पुस्तक लिहिले. आजही ते जगभर वाचले जाते. तुमची जात उच्च की नीच, असे विचारत तो फिरला असता तर प्रत्येकाने आपली वर सांगितली असती. त्याने पाहिले काय? कोण कोणाच्या हातचे खातो, कोण कोणाकडून पाणी घेतो, चिलीम कोणाबरोबर ओढतो, पंगतीत कोण कुठे बसतो. मग ते कोष्टकात मांडले. पंगतीत बसलेला माणूस प्रश्नावलीला उत्तर देत नसतो, म्हणून तिथे त्याचे खरे वागणे दिसते.

इरावतीबाई कर्व्यांचेही तसेच. त्यांनी मोजमापेही केली, नात्यांची नावे देशभरातून गोळा केली, ग्रंथ तपासले, कोयनेच्या धरणग्रस्तांची पाहणी केली. पण वारी समजून घ्यायची तेव्हा त्या दिंडीबरोबर पंढरपूरच्या वाटेला लागल्या. एकाच दिंडीत भजन एकत्र, पण ब्राह्मण आणि मराठा बायकांच्या जेवणाच्या पंगती वेगळ्या, हे त्यांना चालताना दिसले, आणि ते त्यांना खुपले. घरी बसून ‘वारीत भेदभाव असतो का?’ असा फॉर्म त्यांनी वाटला असता तर सगळ्यांनी ‘माउलीपुढे सगळे सारखे’ हेच लिहून दिले असते. इरावतीबाईंकडून शिकायचे ते हे, की त्यांची निष्ठा कुठल्या एका पद्धतीवर नव्हती. प्रश्न बदलला की त्या साधन बदलत.

आता तिसरी गोष्ट, विचारायचे कोणाला? मसुद्याबरोबर मंडळाची सभासद यादी जोडलेली आहे. सोयीची आहे, पत्ते आहेत, फोन नंबर आहेत. पण आपला तिसरा प्रश्न काय होता? काही घरे दूर का गेली? जी दूर गेली ती या यादीत नाहीत! जे देवळात येतात त्यांनाच ‘तुम्ही देवळात येता का’ विचारण्यासारखे हे आहे.

१९३६ साली अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीचा अंदाज काढण्यासाठी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. त्यांपैकी चोवीस लाखांच्या आसपास परत आल्या. एवढा मोठा नमुना! अंदाज आला की लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. कारण पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून, आणि मंदीच्या त्या दिवसांत फोन आणि मोटार असणारे वेगळ्या थरातले होते. शिवाय ज्यांना बदल हवा होता तेच उत्साहाने उत्तर देत होते. जॉर्ज गॅलपने कितीतरी छोट्या, पण समाजाच्या सगळ्या थरांतून घेतलेल्या नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला. म्हणजे संख्या मोठी असली की नमुना चांगला असे नाही. सगळ्या प्रकारची माणसे त्यात आली पाहिजेत.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण द्यायचे तर हॅरॉल्ड मान यांचे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हे प्राचार्य. त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून १९१७ साली प्रसिद्ध केला. जुन्या कागदांवरून त्यांनी काढले की १७७१ साली तिथे सरासरी जमीनधारणा चाळीस एकर होती, आणि १९१५ पर्यंत ती सात एकरांवर आली. शेताचे तुकडे पडत गेल्याचे इतके स्पष्ट चित्र त्यापूर्वी कोणी मांडले नव्हते. पण मान तिथेच थांबले नाहीत. हे गाव पुण्याला लागून, खडकीच्या कारखान्यात काम मिळणारे. मग सगळ्या दख्खनचे चित्र यावरून कसे काढायचे? म्हणून शहरापासून दूर, कोरडवाहू भागातले जातेगाव बुद्रुक त्यांनी दुसऱ्या अभ्यासासाठी निवडले आणि तो १९२१ साली छापला. लोकमान्य नगर आणि रामबाग एवढेच पाहून ‘इंदूरची मराठी कुटुंबे’ असा निष्कर्ष काढायचा मोह होईल तेव्हा जातेगाव आठवावे.

चौथी गोष्ट, जुने कागद. आपल्या घरांत अजून पेट्या आहेत. मोडीतली पत्रे, सनदा, रोजकीर्दी, लग्नपत्रिका, फोटो, मुंजीच्या आहेरांच्या याद्या. लग्नपत्रिका ही किती बोलकी असते पाहा. १९५० ची पत्रिका कोणत्या भाषेत, १९८० ची कोणत्या, २०१० ची कोणत्या? व्याही कुठल्या गावचे? नुसत्या एका घराच्या तीन पिढ्यांच्या पत्रिका मांडल्या तरी सोयरीक पुण्या-नागपुराकडून इंदूर-उज्जैनकडे आणि तिथून बंगळूरकडे कशी सरकली ते दिसेल. पत्रिकेला कोणी प्रश्न विचारलेला नसतो, म्हणून ती मनधरणी करत नाही. पण कागदालाही मर्यादा आहे. ज्यांच्याकडे पेट्या होत्या त्यांचेच कागद उरतात. गिरणी कामगाराच्या खोलीत सनद नसते. तिथे ऐकूनच लिहावे लागते.

आणि कागदाची एक प्रत म्हणजे प्रत नव्हे. म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास, घुर्यांचे विद्यार्थी, १९४८ साली एका खेड्यात राहिले. १९७० साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे त्यांच्या अभ्यासकेंद्राला आग लावली गेली आणि वर्षानुवर्षे मेहनतीने तयार केलेल्या टिपणांच्या सर्व प्रती एकाच ठिकाणी असल्यामुळे जळाल्या. मग त्यांनी स्मरणातून लिहिले, आणि १९७६ सालचे ते पुस्तक अभिजात ठरले. पण प्रत्येकाची स्मृती श्रीनिवासांची नसते. आपण जे गोळा करू त्याच्या प्रती तीन जागी ठेवाव्यात.

याला जोडून एक. आपली पाहणी आपल्यासाठीच नसते. पुण्याजवळ लोणीकंद नावाचे गाव आहे. १८२० च्या सुमारास कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने त्याचे तपशीलवार वर्णन लिहिले होते. सव्वाशेहून अधिक वर्षांनी घुर्यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला आणि १९६० साली तेव्हाचे आणि आताचे लोणीकंद शेजारी शेजारी मांडले. कोट्सला हे माहीत नव्हते. त्याने आपले काम नीट केले, कशाची नोंद कशी केली ते स्पष्ट लिहिले, म्हणून दुसऱ्याला तुलना करता आली. आपले पणतू २०७५ साली ही पाहणी पुन्हा करू शकतील का? आपण प्रश्न, व्याख्या, कोणाला विचारले आणि कोणी नकार दिला हे सगळे लिहून ठेवले तरच.

पाचवी गोष्ट सर्वांत नाजूक. आपण परके नाही. गेडिसला लोक घाबरले, कारण तो अनोळखी होता. आपल्याला लोक घाबरणार नाहीत, पण लाजतील. ओळखीच्या माणसाला दार उघडते, पण त्याच माणसासमोर काही गोष्टी बोलवत नाहीत. मुलाने परजातीत लग्न केले म्हणून येणे-जाणे थांबले, वाड्याच्या वाटणीवरून भाऊ बोलत नाहीत, मंडळात आपल्याला कोणी विचारत नाही असे वाटले, ही घरे दूर जाण्याची खरी कारणे असू शकतात. ही कारणे फॉर्मवर कोणी लिहिणार नाही. ती दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, चहा संपल्यावर, निघता निघता दारात सांगितली जातात. आणि ती ऐकल्यावर पचवण्याची जबाबदारी आपली असते.

म्हणून काही नेम आधीच घालून घ्यावेत. मुलाखत द्यायची की नाही हे समोरच्याने ठरवावे, आणि मधेच थांबण्याची मुभा त्याला असावी. नावे बदलावीत, मेयरने गावाचे नावसुद्धा बदलले होते. पण आपल्या गावात ‘अमुक गल्लीतले, बँकेत नोकरी, दोन मुली’ एवढे लिहिले तरी माणूस ओळखता येतो, म्हणून तपशीलही झाकावेत. आजोबांनी सगळ्या घराच्या वतीने उत्तर दिले तर ते आजोबांचे उत्तर समजावे, घराचे नव्हे. सुनेला सासूबाईंच्या समोर विचारू नये. तिला विचारायला बाईमाणूसच जावे. तरुणांशी तरुणांनीच बोलावे. आणि मिळालेली माहिती देणगी मागायला किंवा स्थळे सुचवायला वापरली जाणार नाही असे छापून द्यावे, आणि ते पाळावे.

शेवटी व्यवहार. वेळ, पैसा आणि माणसे यांचा हिशेब करूनच पद्धत ठरते. आपल्याकडे स्वयंसेवक मोजके आहेत आणि त्यांतले बरेच नोकरी करणारे. हजार घरांचे फॉर्म भरणे त्यांना जमेल, पण घाईघाईत. त्यातून ‘होय’ च्या हजार खुणा मिळतील आणि पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत एक टक्केवारी छापून येईल. ती सगळ्यांना आवडेल, आणि तिच्यातून काहीच कळणार नाही. त्याऐवजी मी पुढील गोष्टी सुचवतो.

पहिले सहा महिने छपाई थांबवावी आणि ऐंशीच्या पुढच्या मंडळींशी बोलून घ्यावे. फॉर्म पुढच्या वर्षीही भरता येईल, ही माणसे थांबणार नाहीत. मराठी शाळेत कोण शिकवत होते, गिरणीच्या चाळीत गणपती कसा बसत असे, दरबारातली मराठी कधी आणि कशी मागे पडली, हे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. साधा मोबाइल ध्वनिमुद्रणाला पुरतो. त्याच काळात घरोघरीच्या लग्नपत्रिका आणि पत्रांचे फोटो घ्यावेत, कागद मात्र ज्याचे त्याच्याकडे राहू द्यावेत.

मग शहराच्या चार-पाच वेगवेगळ्या भागांतून, त्यात गिरण्यांच्या वस्त्या आणि महू धरून, साठ-सत्तर घरे निवडावीत. निम्मी घरे सभासद यादीबाहेरची असलीच पाहिजेत. यादीबाहेरची घरे कशी शोधायची? ज्यांना आपण भेटतो त्यांनाच विचारावे, ‘तुमच्या ओळखीचे मराठी घर कोणते, जे आमच्याकडे येत नाही?’ एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे जावे. या रीतीने सगळ्या शहराचे प्रमाण काढता येत नाही, हे मान्य करावे आणि तसे लिहावे. पण आपल्याला प्रमाणापेक्षा कारणे हवी आहेत, आणि कारणांसाठी ही रीत चालते.

या भेटींतून जे कळेल त्यावरून छोटी, वीस प्रश्नांची प्रश्नावली करावी, आधी दहा घरांत वापरून पाहावी, आणि मगच छापावी. म्हणजे फॉर्म शेवटी येईल. आज तो आपण सुरुवातीला घेऊन बसलो आहोत.

या पाहणीतून काय निघेल ते मला माहीत नाही, आणि ते आधीच माहीत असते तर पाहणीची गरज नव्हती. कदाचित असे निघेल की मराठी आपल्याला वाटते त्याहून जास्त मागे हटली आहे. कदाचित असेही निघेल की आपण ज्यांना ‘गेलेली घरे’ समजतो, तिथे आजी अजून नातवाला मराठीत झोपवते, फक्त आपण तिकडे कधी गेलो नाही. दोन्ही उत्तरे ऐकायची तयारी असेल तरच विचारायला निघावे. आवडते तेवढेच ऐकायचे असेल तर त्याला पाहणी म्हणत नाहीत, सत्कार म्हणतात, आणि सत्कार आपण उत्तम करतोच.

कार्यकारिणीने या सूचनांवर विचार करावा, आणि तुम्हा सर्वांपैकी ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढचे कोणी आहे त्यांनी आजच कार्यकर्त्यांकडे नाव नोंदवावे, एवढी विनंती करून थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!